दोन्ही हात वर

८ जानेवारी

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न फोडताच कुठल्यातरी खणात टाकलं असतंस, म्हणून पत्ता टिटवीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर पुरतं वाच.

तुझी मुलगी माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. काल दुपारी दार वाजलं, उघडलं तर ही उभी, खांद्याला बॅग. म्हणाली, "आत्या, ओळखलंस का?" सात वर्षांनी बघत होते, पण आईचं नाक आणि तुझा हट्टी जबडा एकाच तोंडावर घेऊन आलेल्या माणसाला मी ओळखणार नाही, असं कसं होईल? लहानपणी ती पाय वर करून झोपायची, आभाळ पडलं तर झेलायला, म्हणून आईनं तिचं नाव टिटवी ठेवलं. अजून तशीच झोपते. काल रात्रभर माझ्या सोफ्याच्या पाठीवर तिच्या टाचा होत्या.

मनात भलतंसलतं आणू नकोस. कुणाबरोबर पळून आलेली नाही, एकटी आली आहे. बॅग मात्र फार नीट भरलेली आहे. स्वेटरच्या घडीत मोजे, मोज्यांत खोकल्याच्या गोळ्या. रागानं घर सोडून निघालेली मुलगी असं सामान भरत नाही. कुणी भरून दिलं ते तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन विचार. किंवा नकोच विचारूस, तुझ्या बायकोला सुखानं जगू दे.

दिवसभर काय करते म्हणशील, तर काही नाही. इकडेतिकडे बघते. मोकळी हवा खाते. भूक चांगली लागते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझी प्रवचनं मी ऐकत नाही, हे तुला माहीतच आहे. मागच्या रविवारी तुझा आवाज बसला होता. गरम पाण्याच्या गुळण्या कर.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, तार! "तिला परत पाठव. तुझ्याशी मला काही बोलायचं नाही." सात वर्षं तोंड मिटून बसलास आणि उघडलंस ते एवढ्यासाठी? श्रोत्यांसमोर दोन-दोन तास बोलणारा माणूस बहिणीच्या वाट्याला दोन ओळी देतो. असो, मिळालं ते गोड मानून घेतलं.

पाठव म्हणजे काय रे? ती वीस वर्षांची आहे. खोक्यात घालून वर पत्ता चिकटवू का?

ती का आली हे तू विचारलं नाहीस, म्हणजे तुला ते ठाऊक आहे. तरी तिच्या तोंडून ऐकलं ते लिहिते, तुझ्या हिशेबात कुठे फरक असेल तर कळव. तुझं सभागृह भरलेलं होतं. देवाला काहीच अशक्य नाही, असं तू सांगत होतास. हिनं उभं राहून विचारलं, "मग त्याला स्वतः दिलेला शब्द मोडता येतो का?" तू डोळे मिटलेस. (बाबा उत्तर द्यायच्या आधी डोळे मिटतात, आणि उत्तर नसलं की जास्त वेळ मिटतात, असं तिचं म्हणणं.) मग म्हणालास, हा प्रश्न नाही, हा उद्धटपणा आहे, खाली बस. ती बसली. घरी गेल्यावर तू म्हणालास, माफी माग. ती म्हणाली, प्रश्नाची माफी कशी मागतात ते आधी शिकवा. त्यानंतर तुमच्या घरात भांडी तेवढी वाजत राहिली, माणसं बोलेनाशी झाली.

मी पोरीची बाजू घेत नाही. मी प्रश्नाची बाजू घेते, कारण प्रश्न फक्कड आहे. परवा जेवताना आम्ही दोघींनी तो उलटासुलटा करून बघितला. देवाला शब्द मोडता येत असेल, तर त्याच्या शब्दाला आमच्या प्लंबरच्या "उद्या नक्की येतो"इतकीच किंमत. मोडता येत नसेल, तर एक गोष्ट अशी निघाली की जी त्याला जमत नाही. दोन्ही दारांतून तू बाहेर पडू शकत नाहीस. मला विचारशील, तर मी दुसरा देव घेईन. ज्याला एखादी गोष्ट जमत नाही त्याच्याशी संसार करता येतो. ज्याला सगळंच जमतं त्याच्याशी बोलणार काय?

तू आता चिडला असशील. तुझी कानशिलं लाल होतात ती मला इथून दिसतायत.

आणि चिडलाच आहेस तर तेही काढते, जे आपण दोघांनी सात वर्षं गालिच्याखाली सारून ठेवलंय. आईच्या शोकसभेत तू म्हणालास, "त्याच्या मनात असतं तर आई उठून बसली असती. त्याला अशक्य काही नाही." मी उभी राहिले आणि म्हणाले, "मग बसवली का नाही?" आणि चपला पायात घालून निघाले. लोकांना वाटलं, ताईचं डोकं फिरलं. डोकं जागेवर होतं. प्रश्न खरोखरच विचारला होता. उत्तर अजून आलेलं नाही.

आता बघ, तुझ्या मुलीनं जो विचारला तो याचाच धाकटा भाऊ आहे. आपल्या घरात बायका उभ्या राहून प्रश्न विचारतात, आणि तू डोळे मिटतोस.

ती परत येणार नाही, निदान इतक्यात नाही. पण तुला पत्र लिही म्हणून मी तिच्या मागे लागले आहे. "आधी ते लिहू देत" म्हणते. जबडा तुझाच आहे म्हणाले ना मी.

ताई

३ मार्च

धाकट्या,

तुझ्याकडून काही नाही. तिच्याकडूनही काही नाही. मधल्या मधे मीच पोस्टाची तिकिटं चाटत बसले आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ती मोकळी हवा खाते. ती हवा किती उंचावरची, ते लिहिलं नव्हतं. आता लिहिते. खुर्चीत बस.

ती आली त्याच आठवड्यात मी चष्मा घरी विसरले. बाई क्रेनवर आणि चष्मा टेबलावर. ती तो घेऊन साइटवर आली, गेटवर दिला आणि तिथंच मान वर करून उभी राहिली. आमची क्रेन म्हणजे रस्त्यावर फिरणारी गाडी नव्हे. जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, बारा-पंधरा मजल्यांच्या वर जाणारा. त्याच्या टोकाला आडवा लांबलचक हात आणि हाताच्या बगलेत काचेची खोली. त्या खोलीत तुझी ताई गेली कित्येक वर्षं बसते हे तू लोकांना सांगत नाहीस, ते मला माहीत आहे. बहीण "बांधकाम खात्यात" आहे म्हणतोस. म्हण बापडा.

संध्याकाळी मी खाली उतरले तेव्हा ती तिथंच होती. मानेला हात लावून म्हणाली, "आत्या, मला हे शिकायचं आहे." मी खूप समजावलं. खोटं कशाला बोलू, दोन वाक्यं समजावलं. मग प्रशिक्षणाला नाव घातलं.

पहिला महिना ती जमिनीवर उभी राहून नुसत्या खुणा शिकली. कारण वर बसल्यावर ऐकू काही येत नाही आणि वॉकीटॉकी कधी दगा देईल सांगता येत नाही. वर घे, खाली घे, उजवीकडे, जरा हळू, सगळं हातांनी. आणि माणसाचा चेहरा वरून अजिबात दिसत नाही. खाली नुसती हेल्मेटं फिरतात, पिवळी, निळी. कोण हसतंय, कोण रडतंय, कोण साहेब, कोण हमाल, काही कळत नाही. तुझा देव जितका वर आहे असं तू सांगतोस तितक्या वरून त्याला कुणाचं तोंड दिसत असेल, यावर माझा विश्वास नाही. दिसत असतील तर फक्त हात.

आता आमचा एक नियम ऐक. तो तुझ्यासाठीच लिहायला बसले आहे.

वजन उचल, हलव, ठेव, हे मला फक्त एकच माणूस सांगू शकतो, आमचा सिग्नलवाला. दुसरं कुणीही, अगदी साइटचा मालकही, खालून नाचला तरी मी बोट हलवत नाही. पण "थांब" कुणीही सांगू शकतो. झाडूवाली, पाणी आणणारा, रस्ता चुकून आत आलेला पाहुणा. ज्यानं दोन्ही हात वर केले त्याच्यासाठी मी थांबते, त्याच क्षणी. हुकाला पन्नास माणसांचं वजन लटकलेलं असलं तरी थांबते. मग सिग्नलवाला त्या माणसाकडे चालत जातो आणि एकच विचारतो, "काय दिसलं?" तो माणूस उत्तर देऊन "चालू दे" म्हणेपर्यंत वजन हवेत तसंच राहतं.

आणि समजा त्याला काहीच दिसलं नसेल, उगाच घाबरला असेल, तरी त्याच्यावर कुणी खेकसायचं नाही. उलट काम झाल्यावर क्रेन चालवणाऱ्यानं खाली येऊन त्याला आपल्या हातानं चहा करून द्यायचा. ही पद्धत आमच्या उस्तादांनी पाडली. ते म्हणायचे, आज ज्याला हसाल तो उद्या हात वर करणार नाही, आणि उद्याच नेमकी गरज पडेल. अशा चहावर मी आजवर किती साखर घातली त्याला गणती नाही.

साइटवर सगळ्यात ताकदवान कोण? मी. आणि सगळ्यांचं ऐकायला बांधलेली कोण? तीही मीच. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. ज्याला थांबता येत नाही तो सर्वशक्तिमान नव्हे, तो उतारावर सुटलेला ट्रक.

यावर प्रवचन करायचं असेल तर कर. माझं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं.

ताई

ता. क. "बाबांना उंचीची भीती वाटते, त्यांना आत्ताच सांगू नकोस," असं टिटवी म्हणाली होती. मी सांगितलं. तिला हे सांगू नकोस.

१६ मार्च

धाकट्या,

चार पानं! हे झालं पत्र. मी ते तीनदा वाचलं, एकदा टिटवीला वाचून दाखवलं. शेवटची ओळ सोडून.

आधी तुझ्या मुद्द्याकडे येते, कारण मुद्दा चांगला आहे आणि मी काही हेकट नाही. तू म्हणतोस, "शब्द मोडता येत नाही" आणि "शब्द मोडत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येत नाही ही मर्यादा, करत नाही हा स्वभाव. दाराला कुलूप आहे म्हणून जो घरात बसतो तोही घरातच असतो, आणि दार सताड उघडं असताना आजाऱ्याच्या उशाशी बसतो तोही घरातच असतो. दोघांना एका मापानं मोजू नकोस, असं लिहिलंयस. छान लिहिलंयस. टिटवीनं हे ऐकून बराच वेळ नख कुरतडलं आणि म्हणाली, "हे त्यांनी तेव्हा का नाही सांगितलं?" मी म्हटलं, डोळे मिटले की माणसाला उशिरा दिसतं.

पटलं का म्हणशील, तर अर्धं. मला बाहेरून "करत नाही" आणि "येत नाही" यांत फरक दिसत नाही. उशाशी बसलेल्याला विचार, उठून जातोस का? तो म्हणेल, मला जमायचं नाही. तोही "जमत नाही" असंच म्हणतो, बघ. पण ते जाऊ दे. समोरासमोर बसलो तर मी तुला हरवीन.

आता शेवटच्या ओळीकडे. "ज्या दिवशी ती त्या यंत्रावर एकटी बसेल, त्या दिवसापासून मला मुलगी नाही. हा माझा शब्द आहे."

धाकट्या, मला तुझा फार राग आला आहे. पत्र टेबलावर ठेवून मी भांडी घासली, तीही परत घासली, तरी गेला नाही. तुला भीती वाटते, हे मला कळतं. लहानपणी गच्चीच्या कठड्याजवळ मी गेले तरी तू खालून रडायचास. पण भीती वाटली तर माणसानं "मला भीती वाटते" असं म्हणावं. ती गिळून वर शाप बाहेर काढू नये. ती मुलगी तुला घाबरत नाही, धाकट्या. तिला तू आवडतोस. मी वाचायची थांबले तेव्हा "अजून काही आहे का?" असं तिनं दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं.

तिची परीक्षा वीस एप्रिलला आहे, सकाळी, आमच्याच साइटवर. त्या दिवशी ती पहिल्यांदा वर एकटी बसेल. म्हणजे तुझ्या हिशेबानं वीस एप्रिलला तू निपुत्रिक होणार. तारीख माहीत असावी म्हणून कळवलं.

आणि एक शेवटचं. आपण दोघं इतके दिवस भांडतोय ते देवाला शब्द मोडता येतो का यावर. देवाचं काय ते तू आणि तो बघा. तुला येतो. तुला कुणी अडवलेलं नाही, तुझ्या शब्दावर विश्व चाललेलं नाही, तू तो चारचौघांत न मोडता गुपचूप एकट्यानंही मोडू शकतोस. एवढी एकच गोष्ट आहे बघ जिथं माणूस देवापेक्षा वरचढ आहे. ती वापर.

ताई

२१ एप्रिल

प्रिय धाकट्या,

काल तू निम्मंच पाहिलंस, म्हणून उरलेलं लिहिते. आणि तुझ्या बाजूनं काय दिसलं ते मला माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूचंही पहिल्यापासून लिहिते.

सकाळी हवा पडलेली होती, वारा नावाला नव्हता. परीक्षक म्हणजे एक जाड भिंगांचे गृहस्थ, कुठल्याच गोष्टीला हं म्हणायचं नाही अशी शपथ घेऊन आलेले. मी त्यांच्या शेजारी खाली उभी होते, मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. ते किती अवघड गेलं असेल याची कल्पना तुझ्याइतकी कुणाला येणार? टिटवी शिडी चढून गेली. हेल्मेटखाली वेणी खोचली होती, ती वर पोचेपर्यंत सुटली होती. तेवढंच मला दिसलं, मग काचेवर ऊन आलं.

तिला उचलायला दिला होता एक जिना. आमच्याकडे जिने तयार येतात, काँक्रीटचे, एकेक मजल्याचे, पायऱ्यांसकट. चार कोपऱ्यांना पट्टे बांधतात आणि उचलून सहाव्या मजल्याच्या पोकळीत नेऊन बसवतात. तिनं उचलला. सुरेख उचलला. जमिनीवरून हलताना जरासुद्धा झोका गेला नाही, आणि मी परीक्षकांकडे बघितलं, तर ते भिंगं पुसत होते. जिना वर चालला होता, पायऱ्या वर, खाली काही नाही, वर काही नाही.

आणि मधेच क्रेन थांबली.

सिग्नलवाल्यानं थांब म्हटलं नव्हतं. तो जिन्याकडे बघत होता, तोही चकित झाला. त्यानं वर पाहिलं तर टिटवी काचेतून हातानं गेटकडे दाखवत होती. आम्ही सगळे वळलो. गेटच्या आत, पाहुण्यांसाठी आखलेल्या पिवळ्या रेषेपाशी, एक माणूस उभा होता. राखाडी कोट, वॉचमननं दिलेलं हेल्मेट कानांवर उतरलेलं, दोन्ही हात वर.

तोंड काही हेल्मेटमुळे दिसत नव्हतं. कोपरांवरून ओळखलं मी तुला. लहानपणी शर्ट डोक्यातून घालताना अडकायचास आणि तसाच उभा राहायचास, कुणीतरी येऊन खाली ओढेपर्यंत. मी पाऊल उचललं आणि परत ठेवलं. विचारायला जायचं काम सिग्नलवाल्याचं, माझं नव्हे. पण तुला सांगते, वजन उचलताना कधी फुटला नाही इतका घाम मला ते पाऊल परत ठेवताना फुटला.

तो तुझ्याकडे चालत गेला. तुम्ही काय बोललात ते त्यानं मला नंतर सांगितलं. त्यानं विचारलं, "काय दिसलं?" तू वरच बघत होतास. त्यानं परत विचारलं, "साहेब, पट्टा सुटलेला दिसला का? कुणी खाली उभं आहे का?" तू म्हणालास, "नाही. काही नाही. वर माझी मुलगी आहे."

"मग?"

"मला भीती वाटली."

तो म्हणाला, "तेही कारण चालतं." हा माणूस तीस वर्षं खुणा करतोय, त्याला बोलायची सवय नाही. पण एवढं तो नीट बोलला. मग म्हणाला, "आता कसं करायचं? तुम्ही चालू दे म्हटल्याशिवाय ती हलवणार नाही."

आता तुला वाटत असेल की ताई पुढं लिहिणार, त्यांनी पट्टे तपासले आणि एक खरंच सुटलेला निघाला, तुझ्या भीतीनं जीव वाचला, वगैरे. नाही. पट्टे तपासले, सगळे जागच्या जागी होते. कुणी खाली नव्हतं. तू अगदी उगाच थांबवलंस. आणि तरीही ते थांबलं. जिना हवेत, माझी भाची काचेत, साइटवरची झाडून सगळी माणसं माना वर करून, आणि सगळं काही तुझ्या दोन हातांवर टांगलेलं. मला तेव्हा वाटलं, हा आता हात खाली घेणारच नाही. संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील आणि तीही वर तशीच बसेल, कारण दोघांचा जबडा एकच.

तू हात खाली घेतलेस. "चालू दे" म्हणालास. सिग्नलवाला सांगत होता, इतक्या हळू म्हणालास की त्याला ओठांवरून वाचावं लागलं. त्यानं वर खूण केली आणि जिना पुन्हा चालू लागला.

तिनं तो बसवला आणि मी गेटकडे धावले, तेव्हा हेल्मेट वॉचमनच्या टेबलावर होतं आणि तू नव्हतास. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमतं तसं.

तर आता तू न पाहिलेलं. पास झाली. परीक्षक म्हणाले, ठेवताना थोडा धक्का बसला, सराव हवा. मग भिंगं डोळ्यांवर चढवून म्हणाले, "पण अनोळखी माणसासाठी थांबली, तिथंच मी पास लिहायला पेन काढलं होतं." 

टिटवी खाली आली ती माझ्या गळ्यातच पडली. म्हणाली, "आत्या, बरं झालं कुणीतरी थांबवलं. मला भीती वाटत होती आणि थांबवायला लाज वाटत होती. थांबल्यावर नीट श्वास घेता आला." मग लगेच, "कोण होता तो माणूस? काय दिसलं त्याला?" मी सिग्नलवाल्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "काही दिसलं नाही. घाबरले होते." ती म्हणाली, "मग चहा द्यायला हवा ना! गेले कुठे?"

तिला माहीत नाही, धाकट्या. वरून तोंड दिसत नाही म्हणाले होते ना मी. तिला फक्त दोन हात दिसले.

आता दोन गोष्टी मला लिहाव्याच लागतील, आणि लिहिताना हात जड होतोय. पहिली, तुझं म्हणणं बरोबर होतं. तिला थांबवायला काही कुलूप नव्हतं. क्रेन चालवायचा दांडा तिच्या हातात होता, परीक्षा चालू होती, लांब गेटवर कुणी एक वेडा हात वर करून उभा. तिनं पाहिलंच नाही असं केलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. ढकलला असता तर दांडा पुढं गेला असता. तिनं ढकलला नाही. "येत नाही" नव्हे, "करत नाही". मी डोळ्यांनी बघितला तो फरक. घे, लिहून दिलं.

दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आई दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी आता काही आशा नाही म्हणून सांगितलं होतं, त्या दिवशी मी कामावर होते. तुझ्या प्रार्थनेला आले नाही म्हणून तू रागावला होतास. मी वर केबिनमध्ये बसले होते. हुक रिकामा होता. मी आभाळाकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले. माझ्याही वर कुणी बसलेलं असेल, आणि त्याला तोंडं दिसत नसतील, तर निदान हात दिसावेत म्हणून. बराच वेळ धरले. खांदे भरून आले. काही थांबलं नाही, धाकट्या. आणि कुणी चालत येऊन विचारलंही नाही, तुला काय दिसलं. शोकसभेत मी उभी राहिले ती त्यासाठी. त्यानं आई नेली यापेक्षा मला ते जास्त लागलं होतं.

म्हणून तुझ्या देवाला सीमा आहे की नाही, हा वाद मी आजही तुझ्याशी घालीन, आणि सोडणार नाही. त्याला थांबता आलं नाही, की तो थांबला नाही, मला अजून ठरवता येत नाही, आणि तुलाही येत नाही, तू कितीही डोळे मिट. पण काल मी एवढं पाहिलं की इथं खाली, आमच्या धुळीत, ज्यानं हात वर केले त्याच्यासाठी थांबतात आणि त्याला जाऊन विचारतात. हे आम्ही आमच्या आमच्यात जमवलंय. काल ते तुझ्या वाट्याला आलं आणि तुझ्या मुलीच्या हातून आलं, याचा मला इतका आनंद झालाय की माझी सात वर्षांची अढी त्यात कुठं गेली, शोधून सापडत नाही.

आणि तुझा तो शब्द. "ज्या दिवशी ती एकटी बसेल त्या दिवसापासून मला मुलगी नाही." काल ती एकटीच बसली होती. आणि सिग्नलवाल्यानं विचारल्यावर तुझ्या तोंडून पहिलं पुरतं वाक्य कोणतं निघालं? परत वर जाऊन वाच. म्हणजे मोडलास तू तो, धाकट्या, उभ्याउभ्या, आणि तुला कळलंही नाही. शाबास.

टिटवीनं आज वॉचमनला छळलं, सिग्नलवाल्याला छळलं, राखाडी कोटाचा माणूस कोण म्हणून. दोघांची तोंडं मी बंद करून ठेवली आहेत, पण फार दिवस ती बंद राहायची नाहीत. ते सांगायचं काम माझं नाही. तिनं घरून कप आणून क्रेनच्या पायथ्याशी चहाच्या फळीवर उपडा घालून ठेवलाय, त्या माणसासाठी. कुणी त्याला हात लावला तर ओरडते.

आमचा चहा दहाला होतो. गेटमधून आत ये, वॉचमन हेल्मेट देईल, ते तुझ्या डोक्याला मोठं होतं हे त्याला सांग. पिवळ्या रेषेपाशी उभा राहा. या खेपेला हात वर करायची काही गरज नाही. पण भीती वाटलीच तर कर. ती थांबेल.

तुझी,
ताई